मदत हवी आहे: फुंकून घडवलेले फिरोजाबादी पेले तळाशी तडकतात

फिरोजाबादच्या भट्टीतले, सोडा-लाइम काचेचे पेले आहेत. काही पेले फडताळात नुसते ठेवलेले असतानाही तडकतात. चीर दरवेळी तळातूनच निघते, घडवताना पेला धरायला तळाला चिकटवलेली सळई तोडल्याचा खरबरीत वण आहे तिथून. बाजू जेमतेम २ मिमी, तळ ८ मिमी. बाजू आधी थिजते आणि ताण तळात अडकतो. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर पेला धरून पोलरॉइड गॉगल स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवला, की तळाभोवती लख्ख कडं उमटतं. म्हणजे तिथे ताण आहे, ॲनीलिंग (ताण निघून जावा म्हणून काच सावकाश थंड करणं) कच्चं राहिलंय. (उकळता चहा ओतून बघा, असं कृपया सुचवू नका.)

सिरॅमिकच्या इलेक्ट्रिक भट्टीत पुन्हा तापवायचा बेत आहे: ताशी १०० अंशांनी ५४० सेल्सिअसपर्यंत, तिथे १ तास, मग ताशी ३० अंशांनी ४६० पर्यंत उतरवायचं, पुढे भट्टी बंद, पण दार उघडायचं नाही.

५४० ला पातळ काठ वाकेल का? पेले उभे ठेवावेत की पालथे? वण आधी घासावा की नंतर? ताण असलेली काच घासताना फुटायची भीती वाटते, म्हणून नंतरच बरं वाटतं. आणि पुण्यात प्रोग्रॅम कंट्रोलरवाली भट्टी भाड्याने मिळते का?