पुसदचा सत्याग्रह गवतासाठीच काहून?

पैनगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. 15 ऑगस्टला गावच्या शाळेत आठवी-नववीच्या पोरांपुढे जंगल सत्याग्रहावर बोलायचं आहे. लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला गवत कापलं, एवढं सगळ्यांना माहीत असते. पण गवतच काहून? अन् पेंढीभर गवताच्या तक्रारीतून स्वराज्याची मागणी कशी उभी झाली, हे पोरांच्या डोक्यात कसं उतरवावं?

खारपाणपट्टा:
भाऊ, सुरुवात गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहापासून करा. आपल्याकडे समुद्र नाही, पण पूर्णा खोऱ्यात खारं पाणी आहे. म्हणून 13 एप्रिल 1930 ला अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ केलं. पाणी आटवताना खडे धरले की उरलेलं कडू पाणी निथळून काढावं लागते, नाहीतर मीठ कडवट होते. या कामाला वाळलं सरपण अन् कोरडी हवा पाहिजे. मृगाचा पाऊस लागला की ते थांबतेच. पुसदकडे तर खाऱ्या विहिरीही नाहीत, पण राखीव जंगल गावाच्या शिवेला लागून. म्हणून पावसाळ्यात, 10 जुलै 1930 ला, तिथे गवताचा कायदा मोडला.

विळा-दोर:
जुलै महिना नीट समजावून सांगा. ज्वारीचा कडबा संपत आलेला, पेरणी उरकलेली, आता डवरणीला बैल जुंपायचे. बैलाला त्याच दिवसांत चारा सर्वात जास्त लागते, अन् हिरवं गवत उभं असते ते सरकारी रानात. 1927 च्या वन कायद्याचं कलम 26 तेव्हा सांगत होतं की राखीव जंगलात परवानगीशिवाय गुरं चारणं, झाड तोडणं गुन्हा. शिक्षा तेव्हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होती. वऱ्हाडात जंगलाचे वर्ग पाडले होते: ए लाकूड-सरपणाचं, बी गवताचे रमणे, सी चराईचं. बापजाद्यांपासूनची वहिवाट अशी परवान्याची बाब झाली.

भाषणांत ‘झाडं तोडली’ असं हमखास येते, ते टाळा. पुसदला कापलं ते गवत. रीत अशी की आधी जाहीर करायचं, तुकडीनं जायचं, विळा चालवायचा अन् अटक करून घ्यायची, पळायचं नाही. तरीही सगळीकडे शांतता राहिली नाही. मध्य प्रांतातल्याच शिवनी जिल्ह्यात तुरियाला 9 ऑक्टोबर 1930 ला गोळीबार झाला, चार जण गेले, त्यात तीन बाया होत्या. त्यांचा उल्लेख कराच.

जुनी जमाबंदी:
वरचं सगळं बरोबर, पण स्वराज्याचा धागा अजून सुटतो आहे. निजामाच्या पैशावर इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1902 मध्ये ते वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. शेत ठोक्यानं द्यावं तसा अख्खा मुलूख दिला, अन् इथल्या एकाही कास्तकाराला विचारलं नाही. राग चराईच्या दरापुरता असता तर दर कमी करून भागलं असतं.

हेच तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या अमेरिकेत दिसते. 1773 च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त होणार होता, तरी 16 डिसेंबरला बोस्टनच्या बंदरात 342 पेट्या पाण्यात फेकल्या. कर थोडाच होता, पण तो लावणाऱ्या पार्लमेंटात त्यांचा एकही माणूस नव्हता. 1775 मध्ये त्यांनी राजाला समेटाचा अर्ज केला, तो त्यानं घेतलाही नाही. पुढच्या वर्षी 4 जुलैच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तक्रारींची मोठी यादीच आली अन् ती सुधारणा मागत नव्हती, संबंध तोडत होती.

पोरांना फळ्यावर तीन रकाने पाडून द्या: आधी काय वहिवाट होती, कोणत्या कायद्यानं गेली, तो कायदा करताना कोणाला विचारलं. गवत, मीठ, चहा तिन्ही भरा. तिसरा रकाना दरवेळी रिकामा राहते, त्यावरच पोरांना बोलतं करा.

पैनगंगाकाठ:
लय मोलाचं सांगितलं जी. रकाने घेतोच. चिमूरचा उठावही त्याच ओघात सांगू का?

विळा-दोर:
सांगा, पण वेगळं. चिमूर 16 ऑगस्ट 1942 चं, ‘चले जाव’मधलं. पोरं दोन्ही एकच समजतात, तारखा फळ्यावर आधीच लिहून ठेवा.