लांब ग्रामीण फायबर मार्ग: जमिनीखाली स्लॅक (राखीव जादा केबल) किती आणि कुठे ठेवावा?

धागाकर्ता:
40 किमीचा मार्ग आहे. 48 फायबरची केबल, जाडी 12 मिमी, ड्रम 4 किमीचा. बहुतेक ठिकाणी एचडीपीई डक्ट (प्लास्टिकचा पाइप), शेवटच्या टप्प्यात केबल थेट मातीत. कंत्राटदार म्हणतो, दर किलोमीटरला 20 मीटरचं वेटोळं चरातच पुरून टाकू, चेंबरचा (झाकण असलेल्या बांधीव खड्ड्याचा) खर्च वाचेल. मन मानत नाही. अनुभवी मंडळींनी सांगावं.

जॉइंटर:
मन मानत नाही तेच बरोबर आहे, पुरू देऊ नका. जेसीबीचा दात लागला की सगळे फेरे एकदम तुटतात, मग तो स्लॅक कशाचा? शिवाय दगडमातीचा दाब फायबरवर येतो तो वेगळाच.

जॉइंटपाशी दोन्ही बाजूंना 10 ते 15 मीटर ठेवा, म्हणजे क्लोजर (जॉइंटची बंद पेटी) वर काढून टेबलावर बसून नीट काम करता येतं. इथे कंजुषी नको. मधले लूप मात्र डक्टमध्येच कामाचे. केबल तुटली तर जवळच्या चेंबरमधून ओढून एका जॉइंटवर भागतं. स्लॅक नसेल तर तुकडा घालून दोन जॉइंट करावे लागतात. थेट पुरलेली केबल माती घट्ट धरून ठेवते, किलोमीटरभर लांबचा लूप तिथे ओढून आणताच येत नाही. त्या टप्प्यात दर किलोमीटरचा हिशेब सोडा. मोरीपाशी, रस्ता रुंद होणार असेल तिथे, पुढे फाटा काढायचा असेल तिथे ठेवा.

देखभाल पथक:
वरच्याशी सहमत. माझा आग्रह नोंदींचा. ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड किती लांब आहे ते मोजणारं यंत्र) फायबरची लांबी सांगतो, जमिनीवरचं अंतर नाही. फॉल्टच्या आधी 20 मीटरचे दहा लूप असले तर 200 मीटरचा फरक तिथेच पडला, आणि लूज ट्यूबमधलं (केबलच्या आतल्या सैल नळीतलं) फायबर केबलपेक्षा थोडं लांब असतं ते निराळं. चुकीच्या शेतात खड्डा पडतो तो असा. प्रत्येक चेंबरमध्ये केबल आत येताना आणि बाहेर जाताना आवरणावरचा मीटरचा आकडा लिहून घ्या. आत 6412, बाहेर 6432, म्हणजे लूप 20 मीटर. हे केबल टाकतानाच करायचं. नंतर कोणी झाकणं उघडत बसत नाही.

धागाकर्ता:
पटलं. मग चेंबर लहान घेतले तर चालेल का?

जॉइंटर:
केबल ओढताना वळणाची त्रिज्या जाडीच्या 20 पट, म्हणजे तुमच्याकडे 24 सेंमी. ठेवल्यावर 10 पट, 12 सेंमी. हे सर्वसाधारण आकडे, उत्पादकाचा तक्ता बघाच. पण 12 सेंमी ही किमान मर्यादा झाली, तेवढ्यावर चेंबर घेऊ नका. लूप दाबून बसवावा लागला की झाकण लावताना तो कुठेतरी मुडपतोच. फेरे एकाच दिशेने गुंडाळले तर केबलला पीळ बसतो, म्हणून इंग्रजी आठच्या आकारात घालून मग दुमडा. वेल्क्रोने सैल बांधा, नायलॉनच्या पट्ट्या करकचून नकोत. नंतर 1550 आणि 1625 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर तपासा. जास्त वळलेलं फायबर 1625 वर आधी दिसतं.

देखभाल पथक:
तळाशी खडी हवीच, पाणी मुरायला. डक्टची तोंडं प्लगने बंद करा, नाहीतर उंदीर आणि गाळ आत. क्लोजर भिंतीवरच्या ब्रॅकेटला लावा, तळाला ठेवू नका. शेतातल्या चेंबरचं झाकण नांगराच्या फाळाखाली राहील इतकं खोल घ्या आणि वर 101.4 किलोहर्ट्झचा नारिंगी मार्कर बॉल (जमिनीवरून लोकेटर यंत्राने शोधता येणारा खुणेचा गोळा) पुरा. मात्र बॉल साधारण दीड मीटरपर्यंतच सापडतो, त्याहून खोल नको.