धास्ती, धडकी, धसका : भयपटांवर लिहिताना कोणता शब्द कुठे?

राजारामपुरीतून

२०१० ते २०१९ या दहा वर्षांतल्या उत्तम भयपटांवर आमच्या वाचकगटासाठी टिपण लिहितो आहे. चित्रपट निवडायला त्रास झाला नाही. पण प्रत्येक परिच्छेदात 'भीती वाटते' आणि 'घाबरवतो' हेच दोन शब्द येऊ लागले, आणि सगळे चित्रपट एकसारखे वाटायला लागले. ते तसे नाहीत, म्हणून इथे विचारतो.

मला वाटतं, मराठीत भीतीचे शब्द वेळेनुसार वाटले गेले आहेत. धास्ती ही आधीची. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की नदीकाठच्या गल्ल्यांत असते ती धास्ती. अजून घरात पाणी आलेलं नसतं. धडकी त्या क्षणाची, ती भरते. धसका मागाहूनचा. २०१९चा महापूर ज्यांनी उंबऱ्यात पाहिला, त्यांनी पावसाचा धसका घेतलाय असं आपण म्हणतो. इथे 'धास्ती' म्हटलं तर अर्थ हलका होतो.

आता चित्रपट बघा. जेम्स वानचा 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) हा धडकीचा. लपाछपी खेळताना टाळी वाजवायची, हा त्यातला मुलींचा खेळ. आई डोळ्यांवर पट्टी बांधून शोधत असते आणि टाळी कपाटातून येते. पुढे तळघराच्या जिन्यावर अंधारात तिच्या खांद्याशी दोन हात येऊन टाळी वाजवतात तेव्हा थिएटरात खुर्च्या हलतात. काम चोख आहे, पण घरी येईपर्यंत भीती उतरलेली असते.

डेव्हिड रॉबर्ट मिचेलचा 'इट फॉलोज' (२०१४) हा सगळाच्या सगळा धास्तीचा. एक कुणीतरी साध्या चालीने, न थांबता, सरळ तुमच्याकडे चालत येतंय. कधी म्हातारीच्या रूपात, कधी ओळखीच्या माणसाच्या, आणि ज्याच्या मागे ते लागलंय किंवा आधी लागलं होतं त्यालाच दिसतं. दिग्दर्शक चौकट मुद्दाम रुंद ठेवतो. पात्रं पुढे बोलत असतात आणि आपली नजर मागच्या मैदानात, लांबून चालत येणाऱ्या प्रत्येक माणसावर. बऱ्याचदा तो साधा वाटसरू निघतो. तरी पुढच्या वेळी आपण पुन्हा मागेच बघतो.

आणि धसका म्हणजे ॲरी ॲस्टरचा 'हेरेडिटरी' (२०१८). त्यातल्या गाडीच्या प्रसंगात धाकटी बहीण जाते, आणि कॅमेरा गाडी चालवणाऱ्या भावाच्या चेहऱ्यावरच थांबतो. तो मागे वळून बघत नाही, गाडी घरी आणतो, अंथरुणात जाऊन पडतो. सकाळी आपल्याला फक्त आईचा आवाज ऐकू येतो. माझ्या मते दशकातला हा सगळ्यात मोठा चित्रपट, कारण तो दचकवून मोकळा होत नाही, मनात धरून बसतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही वाटणी तुमच्या बोलण्यात बसते का? आणि 'भयपट' म्हणावं की 'भूतपट'?

शाहूपुरीतून

दादा, भयपटच. जॉर्डन पीलच्या 'गेट आउट'मध्ये (२०१७) भूत कुठे आहे? तरी पटकथेचं ऑस्कर घेणारा तो त्या काळातला ठळक भयपट आहे. 'भूतपट' त्यातला एक पोटप्रकार म्हणून ठेवा.

कागलहून

वाटणी पटली. पण सगळी माणसाच्या मनाची झाली, जागेचे आणि आवाजाचे शब्द राहिले. आपल्या भागात बसून विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'बद्दल (२०१७) लिहायचं आणि ऊस सोडायचा, हे चालणार नाही.

त्यात गरोदर बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडामधल्या घरात लपायला येते. शहरातल्या प्रेक्षकाला तो नुसता हिरवा पडदा वाटेल. ज्यांचं शेत आहे त्यांना विचारा. डोक्यावर गेलेल्या उसात हातभर पुढचं दिसत नाही. पाला अंगाला कापतो. खाली पाचट असतं, त्यामुळे दबकून चालणं जमतच नाही, प्रत्येक पावलाला वाजतं. आणि वारा सुटला की सगळा फड तसाच वाजतो. म्हणजे माणूस चालतोय की वारा, ते कळायला मार्गच नाही. वाऱ्याने होते ती सळसळ, पाचटात कुणी हललं की खसफस. खसफस म्हटलं की तिथे जीव आहे हे आलंच.

अशा जागेला आमच्याकडं 'भयाण' म्हणतात. भयाण हे सुनेपणाचं विशेषण: भयाण माळ, भयाण शांतता. 'भेसूर' आवाजाला आणि चेहऱ्याला: भेसूर रडणं, भेसूर हसू. 'भीषण' अपघाताला, आगीला, पुराला. वर्तमानपत्रं आता वाडासुद्धा 'भीषण' करतात, ते बरोबर नाही. त्या चित्रपटातलं घर भयाण आहे, पोरांचा आवाज भेसूर आहे, आणि त्यामागं जे घडलंय, मुलगी नको म्हणून जीव घेणं, ते भीषण आहे. तिन्ही शब्द लागतात, आणि तिन्ही वेगळे. ऊस तोच आणि घरचाच, म्हणून मला हा चित्रपट 'कॉन्ज्युरिंग'पेक्षा लई जवळचा.

इचलकरंजीतून

'तुंबाड' (२०१८) कुठे बसवणार? मला त्यात धास्तीही नाही वाटली आणि धसकाही नाही. वाटली ती किळस, आणि तीच त्याची ताकद. सारखा पाऊस, ओल, साखळीला बांधलेली म्हातारी, तळातलं ते मांसल गर्भागार, त्यात कणकेची बाहुली घेऊन उतरणारा माणूस.

भरताने नाट्यशास्त्रात हे आधीच वेगळं काढलंय. भयानक रसाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळसच. 'तुंबाड' बीभत्साकडे झुकतो. आणि राही अनिल बर्वे यांनी नारायण धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतली, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलं, म्हणजे चित्रपट हिंदी असला तरी मुळं मराठी आहेत. तेव्हा त्याच्यासाठी शब्दही मराठीच हवेत. परीक्षणांत 'लोभ' लिहितात. लोभ पत्राच्या शेवटीसुद्धा असतो, 'लोभ असावा'. चित्रपटाच्या नायकाला, विनायकाला, आहे ती हाव. हाव सुटते, आणि सुटलेली आवरत नाही.

गडहिंग्लजहून

ऑस्ट्रेलियाचा 'द बाबाडूक' (२०१४) कुणी घेतला नाही. जेनिफर केंट यांचा. नवरा गेलेली आई, तिचा पोरगा आणि पुस्तकातून निघालेला एक काळा आकार. याला आपल्याकडं शब्द तयार आहे, बागुलबुवा. त्याला ना गोष्ट आहे ना ठराविक रूप, आई म्हणते म्हणून तो असतो. मुंजाला पिंपळ असतो, आसरांना पाणी असतं, बागुलबुवाला फक्त घर. त्या चित्रपटात नेमकं हेच आहे, म्हणून 'भूत' हा शब्द तिथे चुकतो.

राजारामपुरीतून

कागलच्या काकांची भयाण-भेसूर-भीषण ही फोड टिपणात जशीच्या तशी घेतो. 'तुंबाड'बद्दल अर्धं मान्य. किळस आहेच, पण शेवटाकडे बापलेकांच्या प्रसंगात मला धसका बसला. पोरगा बापासारखाच निघालाय हे कळतं तिथे.

'भयंकर' मात्र वापरणार नाही. 'भयंकर आवडलं', 'भयंकर उकडतंय' म्हणता म्हणता त्यातलं भय पार गेलं.

शाहूपुरीतून

एक राहिलं. 'धसका बसला' आणि 'धसका घेतला' यांत फरक ठेवा. बसतो तो घटनेने, एका झटक्यात. घेतो तो माणूस, आणि मग पुढे कितीतरी दिवस वागवतो. 'हेरेडिटरी'त आईला धसका बसतो. भाऊ तो घेतो.