साईनाथांसारखं काम करायचं तर आधी कॅमेरा काढायचा की वही?

निपाणीकर_पोरगा:
बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गल्लीत घरोघरी बायका विड्या वळतात, आईसुद्धा. त्यांच्यावर फोटोंसकट मोठा लेख करायचाय. खेड्यापाड्यांतल्या गरिबांवर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ स्वतःच लिहितात नि फोटोही स्वतःच काढतात, म्हणून त्यांचं वाचायला घेतलंय. पण मी मोबाईल काढला की मावश्या सूप बाजूला सारतात, पदर सावरून ताठ बसतात. काम थांबतंय. नुसत्या गप्पा मारल्या तर फोटो राहतोय. काय करू?

संकेश्वरचा स्टुडिओवाला:
माझं आयुष्य लग्नं काढण्यात गेलं. ताठ बसलेल्या माणसांवरच पोट चाललंय, तेव्हा मला विचारलास ते बरं केलास.

'पारी' म्हणजे साईनाथांनीच सुरू केलेली, खेड्यातल्या माणसांवरची वेबसाइट. तिथं साईनाथांचं बायकांच्या कामावरचं प्रदर्शन आहे, ते बघ. १९९३ ते २००२ मधले फोटो, दहा राज्यांतले. त्यात विजयनगरमचा एक जमीनदार आहे. गडी शेतात खुशीनं फोटोला उभारलाय, एकदम सरळ. मागं त्याच्याच रानात मजूर बायकांची रांग, सगळ्या वाकलेल्या. मी असतो तर 'बायकांनो, जरा बाजूला व्हा' म्हटलो असतो. धंद्याची सवय! साईनाथांनी त्याला पोज देऊ दिली आणि बायकाही चौकटीत ठेवल्या. मजुरीची गोष्ट मग खाली मजकुरात.

म्हणून सांगालोय, मावश्यांना ताठ बसायचंय तर बसू दे. तो फोटो काढ, प्रिंट नेऊन दे. मग वही घेऊन बस. घरी रोजचा हिशोब पुरा करायचा असतोय, कोण किती वेळ ताठ बसणार? हात आपोआप परत पानावर जातात. तेव्हा काढ. फ्लॅश नको, दाराकडनं उजेड येतोय तिकडं बस.

चिकोडी_वाचक:
फोटोचं ठीक आहे, पण तो माणूस मुळात बातमीदार. 'ब्लिट्झ' साप्ताहिकातली डेप्युटी एडिटरची नोकरी सोडून १९९३ साली फेलोशिप घेतली नि देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत फिरला. त्यातून १९९६ चं 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट' हे तिथल्या गरिबीवरचं पुस्तक आलं. मॅगसेसे पुरस्कार २००७ ला, 'पारी' सुरू झालं २०१४ ला. सुरुवात मात्र कुंडलचे स्वातंत्र्यसैनिक कॅप्टन भाऊ यांच्यावरच्या साईनाथांच्या लेखापासून कर. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तूफान सेनेनं ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रज सरकारच्या पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली, त्यातलेच ते. कुंडल तर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या कलानं बोलू देऊन लिहायचं कसं, ते तिथं दिसतं.

खानापूरची_लेक:
ते सगळं खरं, पण नावाचं काय? 'पारी'त बाईचं नाव-गाव असतं, ते मला आवडतं. 'एक कामगार महिला' वाचलं की चीड येते. पण घरी पान-तंबाखू देणाऱ्याला राग आला तर उद्या माल तिचा बंद होईल, तुझा नाही. लिहिलेलं प्रत्येकीला वाचून दाखव, मग नाव घाल.

निपाणीकर_पोरगा:
आईला विचारलं. म्हणाली, माझं नाव घाल, पण हजार विड्यांना किती पैसे मिळतात ते आधी लिही आणि छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, वजा करून हातात किती पडतात तेही. तिच्या विड्यांची नोंद होते त्या पासबुकाचा फोटो देऊ का? त्यात छाट कुठंच नाही.

संकेश्वरचा स्टुडिओवाला:
दे की. शेजारी छाटलेल्या विड्यांचा ढीग ठेवून काढ. पासबुकावरचा नंबर तेवढा झाक.