मदत हवी आहे: पिंपातली डासांची अंडी कशी घालवायची?

पाण्याचं पिंप आम्ही दर आठवड्याला रिकामं करून वाळवतो, तरी परत भरलं की काही दिवसांत अळ्या वळवळायला लागतात. एडिस डासाची (डेंग्यू पसरवणारा तो) मादी पाण्याच्या जरा वर ओल्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, म्हणजे नुसतं ओतून उपयोग नाही, घासायलाच लागणार. पण कशाने? काथ्या पुरतो का ब्लीचिंग पावडर पण लावायची? आतून चरे पडलेत, त्यात अंडी राहतात का?

अजून एक, रक्त फक्त मादी पिते, तेही अंड्यांसाठी, नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो (उगाच बदनाम!), पण डेंग्यूवाल्या मादीच्या अंड्यांतून निघालेले डास जन्मतःच व्हायरस घेऊन येतात म्हणे, असं प्रत्यक्षात कितपत होतं? झाकण नीट बसत नाही, कापड घट्ट बांधलं तर चालेल ना?