मदत हवी आहे: रोज एक फोटो, पावसात अडकलोय

१ जानेवारीपासून रोज एक फोटो काढतोय, आजचा १६३वा. मे संपेपर्यंत मजा होती. आता पाऊस. चोडण-रायबंदर फेरीबोटीने रोजची ये-जा, दोन्ही वेळा तोच करडा उजेड, तीच गढूळ मांडवी. काल रात्री पावणेबाराला दारातल्या ओल्या चपलांचा फोटो काढून दिवस भरला, म्हणजे बघा!

विषयांची यादी केली (चौथ्या दिवशी गुंडाळली), आठवडाभर फक्त कृष्णधवल काढले, शुक्रवारी म्हापशाचा बाजारही झाला. कॅमेरा नाही, फोनच आहे, तोही पाण्याला भितो. वेळ जेमतेम २० मिनिटं. नवी खरेदी नको, एखादा दिवस सोडायचाही नाही. वर्ष पूर्ण केलेल्यांनी सांगा, रोजच्याच वाटेवर पावसाळाभर हुरूप टिकवायला नेमकं काय केलंत?