ॲन सुलिव्हन स्मृतिदिन: पंपाच्या पलीकडे काय दाखवावं?

मधली_सुट्टी:
20 ऑक्टोबरला ॲन सुलिव्हन यांचा स्मृतिदिन. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या हेलन केलरच्या या शिक्षिका. विशेष शिक्षण पदविकेच्या पहिल्या वर्षाच्या 24 प्रशिक्षणार्थींसाठी 45 मिनिटं मिळाली आहेत. दर वर्षी पंपाच्या धारेखाली हेलनला शब्दाचा अर्थ उमगला तोच प्रसंग होतो: पंप, पाणी, चमत्कार, टाळ्या. यंदा बाईंनी नेमकं शिकवलं कसं, ते दाखवायचंय. 'वॉटर' हा हेलनचा पहिला शब्द, हे खरं का? आणि तळहातावर बोटांच्या ठरावीक आकारांनी एकेक अक्षर काढायचं प्रात्यक्षिक नवख्यांना झेपेल का?

पाटीपेन्सिल:
पहिला शब्द 'वॉटर' नव्हे. ॲन 3 मार्च 1887 ला अलाबामातल्या टस्कंबियाला पोचल्या आणि लगेच हेलनच्या हातावर 'डॉल' काढायला लागल्या. बाहुली हातात, अक्षरं तळहातावर. महिनाअखेरीला त्यांनी मोजदाद केली: 18 नामं आणि 3 क्रियापदं. त्या यादीत 'वॉटर' आहेच! म्हणजे 5 एप्रिलच्या पंपाच्या प्रसंगाआधीच हेलनची बोटं तो शब्द बिनचूक काढत होती.

अडलं होतं ते 'मग' (प्यायचं भांडं) आणि 'मिल्क'पाशी. दोन्हींच्या वेळी पिणं आलंच, त्यामुळे भांडं कुठलं, आतला पदार्थ कुठला आणि पिण्याची क्रिया कुठली, हे तिला वेगळं करता येईना. पंपाशी बाईंनी तिच्या एका हातात रिकामा मग धरायला लावला, त्यात गार पाण्याची धार सोडली आणि दुसऱ्या हातावर शब्द काढला. भांडं तेच राहिलं, त्यात पडणारं बदललं. घोटाळा नेमका जिथे होता तिथेच हात घातला. तिच्या हातातलं भांडं निसटलं, आणि संध्याकाळपर्यंत तीसेक नवे शब्द झाले. प्रशिक्षणार्थींना आधी 'मग-मिल्क'ची अडचण फळ्यावर मांडून द्या, उपाय त्यांनाच शोधू द्या, मग पंप सांगा. दहा मिनिटं पुरतील.

बाईंची ओळख दोन वाक्यांत उरका, पण एक गोष्ट गाळू नका. खुपऱ्यांनी त्यांची स्वतःची दृष्टी अधू होती, टूक्सबरीच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमातून 1880 मध्ये त्या बॉस्टनच्या पर्किन्स या अंधांच्या संस्थेत आल्या. बोटांची लिपी तिथेच आली, तिथल्याच बधिरांध लॉरा ब्रिजमनशी बोलता बोलता. टस्कंबियाला आल्या तेव्हा वय अवघं 20.

सहावा_ठिपका:
प्रात्यक्षिक झेपेल, पण शब्द निवडताना चुकलात तर पाच मिनिटांत गोंधळ. बाईंची लिपी एका हाताची, अमेरिकन. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं बहुतेक दोन्ही हातांनी दाखवतात, तेव्हा तक्ता छापताना दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

ए, एम, एन, एस, टी ही पाचही अक्षरं मूठ वळूनच होतात, फरक फक्त अंगठा कुठे आहे एवढाच. डोळे मिटून हा फरक नवख्याला कळत नाही. म्हणून पहिले शब्द 'डॉल', 'कप', 'बॉक्स' असे घ्या. त्यात या पाचांतलं एकही नाही. 'डॉल'मधला दुसरा एल दाखवताना हात किंचित बाजूला सरकवायचा, नाहीतर समोरचा एकच एल मोजतो.

जोड्या करा. घेणाऱ्याच्या डोळ्यांना पट्टी. त्याचा हात देणाऱ्याच्या हातावर सैल ठेवायचा, पकडायचा नाही. पकडलं की बोटंच हलत नाहीत, ही हमखास होणारी चूक. नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या. अक्षराला साधारण एक सेकंद, दोन शब्दांमध्ये हात स्थिर. वस्तूंचा क्रम दर वेळी बदला, कारण क्रम तोच ठेवला तर चौथ्या फेरीला माणूस अक्षरं न वाचताच उत्तर देतो आणि आपल्याला वाटतं शिकला. पट्टी दहा मिनिटांच्या वर नको. त्यापुढे कीव सुरू होते, शिकणं थांबतं.

चिंचोके:
वरचं सगळं बरोबर, पण कार्यक्रम पंपावर आणि सुट्या शब्दांवर संपवू नका. बाईंची खरी हुशारी पंपानंतरची. हेलनच्या 15 महिन्यांच्या चुलत भावंडाचं निरीक्षण करून त्यांनी ठरवलं की ठरावीक तासाचे धडे बंद, बाळाच्या कानाशी आपण जसं बोलत राहतो तसं हिच्या हातात बोलत राहायचं. पूर्ण वाक्यांत, कळो न कळो.

करून दाखवायला उत्तम म्हणजे पुठ्ठ्याच्या पट्ट्या. बाईंनी उठावाच्या अक्षरांतले शब्द वेगवेगळ्या पट्ट्यांवर दिले होते. बाहुली पलंगावर ठेवायची आणि शेजारी पट्ट्यांनी वाक्य लावायचं: बाहुली पलंगावर आहे. एकदा हेलनने 'गर्ल' ही पट्टी आपल्या झग्याला टाचली, स्वतः कपाटात जाऊन उभी राहिली आणि 'इज', 'इन', 'वॉर्डरोब' फळीवर ओळीने मांडले. मराठीत करताना 'कपाटात'चा 'त' तोडू नका, अख्खा शब्द एका पट्टीवर. नुसत्या 'त'ला हाताला लागेल असं काही नसतं.

आणि एक खटकणारी बाब. जेवणाच्या टेबलावरची झटापट, मग बागेतल्या घरात आईवडिलांपासून वेगळं ठेवून लावलेली शिस्त, हे आजची पद्धत म्हणून सांगू नका. बधिरांध मुलांबरोबर आता आपला हात मुलाच्या हाताखाली असतो, म्हणजे नको वाटलं की मूल हात काढून घेऊ शकतं.

मधली_सुट्टी:
मग-मिल्क, जोड्या, पट्ट्या असा क्रम ठरवला. शेवटी पाचेक मिनिटं उरतील. 1900 ते 1904 हा हेलनच्या रॅडक्लिफ कॉलेजचा काळ घ्यावा का?

पाटीपेन्सिल:
घ्या, पण तासाच्या हिशोबात सांगा. प्राध्यापक बोलतात तेवढा वेळ बाई शेजारी बसून हातात उतरवतात. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं घरी स्वतः वाचतात, तीही हातातच पोचवतात, आणि हे सगळं अधू डोळ्यांनी, चार वर्षं. पदवी एकीच्याच नावावर. करून बघायचं तर एकाला परिच्छेद मोठ्याने वाचू द्या, दुसऱ्याने तो तळहातावर उतरवायचा. पहिल्या ओळीलाच वाचणारा पुढे निघून जाईल. तेव्हा त्याला थांबवू नका.